जनगणनेला खोटी उत्तरं द्या म्हणणाऱ्यांसाठी

आकडेमोड

काल एकाने लिहिलं, "आधार आहे, रेशनकार्ड आहे, मतदारयादी आहे. सरकारकडे आपली सगळी कुंडली आहे. मग जनगणनेचा घाट कशाला? दारात आले की काहीतरी ठोकून द्यायचं." त्याला धडाधड अंगठे पडले. डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

घरात संडास आहे का, पाणी किती लांबून आणता, पोटासाठी गाव कधी सोडलं, हे कुठलं कार्ड सांगतं? 2011 च्या जनगणनेच्या घरयादीतून, म्हणजे 2010 ला घरं आणि त्यातल्या सोयी मोजणाऱ्या पहिल्या फेरीतून, कळलं की देशातल्या 63 टक्के घरांत फोन आहे आणि संडास फक्त 47 टक्के घरांत. त्याच जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या. एकेका दारात जाऊन विचारलं म्हणूनच ते उघडं पडलं.

आणि रेशनचं म्हणाल तर अन्नसुरक्षा कायद्याचे 81.35 कोटी लाभार्थी अजून 2011 च्या लोकसंख्येवरून मोजलेले आहेत. त्यानंतर जन्मलेली पोरं आता दहावीच्या उंबरठ्यावर आली, ती त्या हिशेबात नाहीतच. तुम्ही ठोकून दिलेल्या उत्तराचा भुर्दंड त्यांना बसतो. तुम्हाला काही होत नाही.

राहिली गोपनीयता. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 वाचा. तुमची नोंद कोणाला बघायला मिळत नाही, आणि या कायद्याखालचा खटला सोडला तर कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. अजून काय हवं?

उंबरठा

अजून काय हवं ते सांगते.

2011 चा फेब्रुवारी. घटस्फोट होऊन चार महिने झालेले, नव्या इमारतीत नुकती राहायला आले होते. प्रगणक बाई जिन्यात उभ्या, मांडीएवढा फॉर्म हातावर तोलत. समोरचं दार सताड उघडं. "वैवाहिक स्थिती?" मी हळू सांगितलं. त्यांनी मोठ्याने परत विचारलं, कारण खाली कोणीतरी गाडी सुरू करत होतं. मग "झालेली मुलं किती?" एक. "हयात किती?"

समोरच्या घरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

शून्य म्हणाले. त्यांनी लिहिलं, खाली सही घेतली आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला ठाऊक. तुमचं कलम 15 दिल्लीतल्या कपाटाला कुलूप लावतं. माझी माहिती जिन्यात फुटली, तिथे ते कलम कुठे होतं? खोटं ठोकून देणाऱ्यांत मी नाही, पण त्यांना इतक्या तोऱ्यात झोडपू नका.

खडू-फळा

ताई, वाचून वाईट वाटलं. पण त्या बाई बहुधा माझ्यासारख्याच शिक्षिका असणार, म्हणून बोलतो. दिवसभर वर्ग घेऊन संध्याकाळी दारोदार हिंडायचं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका, आणि त्याच ओळीत जनगणना, निवडणूक, आपत्ती हे अपवाद. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी. 2027 लाही फेब्रुवारीच. दहावीची परीक्षा तोंडावर असताना! माझ्या वर्गातल्या पोरांची उजळणी कोण घेणार?

दोन पोरांची आई

दर वेळी हेच रडगाणं. दहा वर्षांतून एकदा काम येतं आणि त्यावर वर्षभर बोलता. खासगी क्लास चालवायला वेळ मिळतो तो?

खडू-फळा

क्लास मी घेत नाही. आयुष्यात घेतला नाही. दहा वर्षांतून एकदा म्हणता, मग मतदारयादी, निवडणूक, नाना सर्वेक्षणं, रोज अॅपवर भरायची माहिती, हे सगळं कोण करतं? मागच्या वेळी शेवटचं घर रात्री साडेनऊला केलं. आजीबाई नवऱ्याचं नाव घेईनात, सून आतून हसतेय. जनगणनेचा कायदाच सांगतो की बाईला नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही. कलम 8. ते माहीत होतं म्हणून आजींना ताटकळत ठेवलं नाही. प्रशिक्षणात हे किती जणांनी ऐकलं असेल?

दोन पोरांची आई

क्लासचं बोलले ते चुकलं. पण फेब्रुवारीत माझ्या मुलाच्या वर्गावर बाई नव्हत्या हेही खरं आहे, आणि त्याची भरपाई कोणी केली नाही.

आकडेमोड

शिक्षकांचा वेगळा धागा काढा. बेरोजगार पदवीधरांना हे काम द्या, माझं अनुमोदन आहे. इथे मुद्दा गोपनीयतेचा चाललाय.

सातबारा

मग त्यावरच बोलू. 2010 ला घरयादी करायला जो माणूस आला, त्यानेच त्याच फेरीत राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचा, म्हणजे देशातल्या रहिवाशांच्या नावानिशी यादीचा, दुसरा फॉर्मही भरून घेतला. ती नोंदवही 2003 च्या नागरिकत्व नियमांखालची. तिला तुमचं कलम 15 लागू नाही. दारातल्या माणसाला कोण सांगतं की यातलं हे गुप्त आणि हे नाही? माझ्या वडिलांनी दोन्ही कागद एकच समजून सह्या केल्या.

आणि कलमं कायम राहतात असंही नाही. अमेरिकेने 1942 मध्ये युद्धाच्या नावाखाली जनगणनेच्या गोपनीयतेची तरतूद बाजूला सारली. जपानी वंशाची माणसं कुठल्या वस्तीत किती, हे आकडे लष्कराला मिळाले आणि त्यांना छावण्यांत नेलं. नाव न देता नुसते आकडे दिले तरी पुरे पडले. या खेपेला जातही विचारणार आहेत. छोट्या वाडीत एका जातीचं एकच घर असेल तर नाव लपवून काय उपयोग?

आकडेमोड

अमेरिकेचं युद्ध आणि आपली घरयादी एका तागडीत घालू नका. जात न मोजल्याने काय झालं तेही बघा, 1931 च्या आकड्यांवर इतकी वर्षं भांडतोय आपण.

दोन फॉर्मचं मात्र मान्य करावं लागेल. ते एकत्र करायला नको होतं. या वेळी दारात दुसरा कागद निघाला तर मीच विचारीन की हा कुठल्या कायद्याखाली. आणि उंबरठा, तुम्हाला "अजून काय हवं" म्हणालो ते मागे घेतो. आता स्वतः मोबाइलवर भरायची सोय आहे, जिन्यात बोलावं लागणार नाही.

उंबरठा

सोय आहे हे मला माहीत आहे. भरणारही आहे, आणि खरंच भरणार आहे, कारण "झालेली एक" हे कुठेतरी मोजलं जावं असं मला वाटतं. तिची दुसरी कुठे नोंद उरलेली नाही. पण प्रगणक आले की त्यांना फक्त स्व-गणनेचा क्रमांक दाखवीन. काही विचारायचं असेल तर आत येऊन, दार लावून विचारा म्हणेन.

खडू-फळा

माझ्या भागात मी तसंच करीन, ताई. आधी दार लावायला सांगीन.