सेकंड हँड अर्टिगा घेताय? सीट बेल्टचा रिकॉल बघितला का?

बी-२०४: नमस्कार मंडळी 🙏 गणपतीला गावी जायच्या आत सेकंड हँड अर्टिगा घ्यायचं चाललंय. डिसेंबर २०२२ चं पासिंग, एकच मालक. घेताना काय काय बघावं?

ए-५०१: टायर, क्लच, इन्शुरन्सचे क्लेम. आपला मेकॅनिक सोबत न्या.

सी-४०४: दादा, टोकन द्यायची घाई करू नका. मारुतीने डिसेंबर २०२२ मध्ये ९,१२५ गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, म्हणजेच रिकॉल. सियाझ, ब्रेझा, एक्सएल६, ग्रँड व्हिटारा आणि अर्टिगासुद्धा. पुढच्या आणि मागच्या दारामधल्या खांबावर बेल्ट वर-खाली करायची सरकपट्टी असते ना, तिच्यातला एक छोटा भाग सदोष असण्याची शक्यता होती. क्वचित बेल्ट तिथून सुटू शकतो, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. २ ते २८ नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या गाड्या.

बी-२०४: मग आमची सुटली ताई, डिसेंबरची आहे.

सी-४०४: नाही हो. डिसेंबर हा पासिंगचा महिना. गाडी कारखान्यातून त्याआधीच बाहेर पडते. आरसीवर उत्पादनाचा महिना वेगळा छापलेला असतो, तो बघा.

ए-१०२: कंपनी अशा वेळी मालकाला स्वतः फोन करते. काम झालेलंच असणार.

सी-४०४: काका, फोन जातो तो कंपनीकडे नोंद असलेल्या नंबरवर. त्या माणसाने नंबर बदलला असेल, नाहीतर सर्व्हिसिंगची जाहिरात समजून फोन कट केला असेल. पुढे गाडी विकली की नव्या मालकाला कोण सांगणार? "झालंच असणार" म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. कशेडी घाटाच्या वळणावर पुढच्या सीटवर आपलंच माणूस बसलेलं असतं.

बी-२०४: मग खात्री कशी करायची?

सी-४०४: आरसीवर १७ अक्षरं-आकड्यांचा चेसिस नंबर असतो, मारुतीचा एमए३, एमबीजे किंवा एमबीएच ने सुरू होतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाका, गाडी रिकॉलमध्ये आहे का ते कळेल. काम झालंय का, हे सर्व्हिस सेंटरला त्याच नंबरवरून विचारा. सदोष भाग फुकट बदलून मिळतो.

डी-३०३: ग्रँड व्हिटारावाल्यांनी अजून एक बघा. जानेवारी २०२३ मध्ये ११,१७७ गाड्या मागच्या सीट बेल्टच्या ब्रॅकेटसाठी बोलावल्या होत्या. ८ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर २०२२ मधलं उत्पादन. आमची त्यातलीच, तेव्हाच करून घेतलं.

ए-५०१: विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या बेल्टचं बक्कल कधी कधी लॉकच होत नाही. गॅरेजवाल्याने अलार्म बंद करायची क्लिप लावून दिलीय.

सी-४०४: ती क्लिप आजच काढा, प्लीज. अलार्म गप्प झाला, पण बेल्ट आहे तसाच नादुरुस्त राहिला. याच क्लिप विकल्या म्हणून २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ५ ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढले होते. बक्कल नवीन बसवून घ्या.

डी-३०३: गाडी ७ वर्षांच्या आतली असेल तर परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रारही करता येते. १ एप्रिल २०२१ पासूनचा नियम आहे. एकाच मॉडेलच्या ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, १ कोटीपर्यंत दंडही आहे. आपण गॅरेजमध्ये जुजबी काम करून घेतो आणि तक्रार कुठेच नोंदवत नाही.

ए-५०१: आमची ७ च्या पुढची आहे. बक्कल या रविवारीच बदलतो.

बी-२०४: एजंटकडून आरसीचा फोटो आला. उत्पादन ११/२०२२ 😟 चेसिस नंबर इथे टाकू का?

सी-४०४: ग्रुपवर नको, मला पर्सनलवर पाठवा. आणि एजंटकडे जुन्या सर्व्हिसिंगची जॉब कार्डं मागा. तो भाग बदलला असेल तर त्यात नोंद सापडेल.

बी-२०४: पाठवला. टोकन थांबवलंय. उद्या सकाळी एजंटलाच गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला यायला सांगितलंय.

ए-१०२: मीही येतो सोबत. आमच्या जावयाची ब्रेझा त्याच सुमाराची आहे, तिचा नंबर घेऊन येतो.