कासवाच्या टँकचं पाणी स्वच्छ कसं ठेवता? आपापले अनुभव लिहा

आमच्याकडे दोन वर्षांपासून एक रेड इअर्ड स्लायडर आहे. आणलं तेव्हा तळहातावर मावायचं, आता पाठ 12 सेंटीमीटरची झालीये आणि पाण्याचं गणित पार बिघडलंय. आज बदललं की परवा पुन्हा गढूळ, वर तो कुबट वास. माशांच्या टँकचं सांगणारे खूप भेटतात, कासवाचं कुणी धड बोलत नाही. तर ज्यांनी कासवं पाळलीयत त्यांनी फिल्टर कुठला, पाणी किती दिवसांनी बदलता हे सगळं लिहा प्लीज. काय चुकलं ते तर आवर्जून लिहा.

*

माझी चूक सांगते. मी दर रविवारी टँक पूर्ण रिकामा करायचे, काचा घासायचे, दगड धुवायचे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरं पाणी येईपर्यंत पिळायचे, आणि एवढं करून मंगळवारपर्यंत पाणी दुधासारखं. वाटलं आपलं धुणं कमी पडतंय, म्हणून आठवड्यातून दोनदा सुरू केलं तर अजूनच बिघडलं. नंतर कळलं की स्पंजवर तो तपकिरी बुळबुळीत थर असतो ना, त्यातच बॅक्टेरिया राहतात. कासवाच्या शी-शूतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करायचं काम त्यांचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच असतं, ते यांनाही सोडत नाही. म्हणजे दर रविवारी टँक पुन्हा शून्यावर.

आता टँकमधलंच पाणी बादलीत काढते, त्यात स्पंज दोन-तीनदा दाबते, बास. तपकिरी राहिला तर राहू दे. त्या दिवशी फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंग्जना (त्यांच्यावरही बॅक्टेरिया राहतात) हात लावत नाही. पाणी एका वेळी पाव भाग, फार तर एक तृतीयांश बदलायचं. पाच आठवडे नुसता धीर धरला, मग एका सकाळी मागच्या काचेवर चिकटवलेल्या थर्मामीटरचा आकडा समोरून वाचता आला. मी मुलाला हाक मारून दाखवला!

*

फिल्टरच्या खोक्यावर लिहिलेले लिटर माशांच्या हिशोबानं असतात. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, त्यामुळे टँकमध्ये जेवढं पाणी त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा फिल्टर घ्या. आणि टँकसाठी साधारण हिशोब असा की पाठीच्या दर इंचाला 40 लिटर, म्हणजे तुमच्या 12 सेंटीमीटरला 190 च्या आसपास. तुमचा टँक केवढा आहे ते लिहिलं नाहीत.

*

वेगळ्या टबमध्ये खायला घालून बघा. कोमट पाण्याचा टब, पंधरा-वीस मिनिटं, बरेचदा शी पण तिथेच होते. आमचं पाणी यानेच निम्मं सुधारलं. काही कासवं उचलल्यावर घाबरून खातच नाहीत, त्यांच्यावर जबरदस्ती नको, टँकमध्येच थोडं थोडं टाका आणि उरलेलं जाळीनं लगेच काढा.

*

मला एकच गोष्ट कळकळीनं सांगायचीये, पाणी नितळ दिसतं म्हणजे ते चांगलं असतं असं नाही. आमचा टँक नवा होता, पाणी काचेसारखं, आणि तिसऱ्या आठवड्यात कासवाचे डोळे सुजले. डॉक्टर म्हणाले आधी पाणी तपासा. टेस्ट किटच्या नळीत थेंब टाकले तर पिवळं राहायला हवं ते गर्द हिरवं झालं, अमोनिया 4 पीपीएम (दहा लाख भागांत 4 भाग). डोळ्यांना अ जीवनसत्त्वाची कमतरता पण कारण असू शकते, त्यामुळे त्यांनी खाणंही बदलायला लावलं, पण अमोनिया उतरेपर्यंत आम्ही रोज थोडं थोडं पाणी बदलत होतो. पीएच आणि तापमान चढलं की हाच अमोनिया जास्त घातक होतो. नव्या टँकमध्ये बॅक्टेरिया जमायला चार ते सहा आठवडे लागतात, तोपर्यंत किट जवळ असूच द्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली असायला हवं. नायट्रेट मात्र साधा फिल्टर काढत नाही, त्याला पाणी बदलणं हाच उपाय.

नवं पाणी भरताना डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) घाला. रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे बरोबर, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं जात नाही.

*

कॅनिस्टर फिल्टरवाल्यांसाठी (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर). आमची लाइट जवळजवळ दिवसभर नव्हती, आल्यावर फिल्टर तसाच सुरू झाला आणि टँकमध्ये सडक्या अंड्यासारखा वास पसरला. बंद डब्यात ऑक्सिजन संपतो, बॅक्टेरिया मरतात आणि ते साचलेलं पाणी सगळं टँकमध्ये येतं. आता लाइट काही तास गेली की आधी डबा उघडून आतलं पाणी ओतून देतो, मीडिया (आतले स्पंज, रिंग्ज) टँकच्या पाण्यात हलकेच खंगाळतो आणि मगच चालू करतो.

आणि पाणी उपसायच्या आधी हीटर बंद करा हो. आमचा उघडा पडून तापला आणि नवं पाणी लागताच काच तडकली. कासव तेव्हा बाहेर टबमध्ये होतं म्हणून वाचलं.

*

सायफन (पाणी उपसायची नळी) तोंडानं ओढू नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, कासव अगदी ठणठणीत दिसत असलं तरी. हातपंपवाला सायफन मिळतो. टँकची बादली वेगळी ठेवा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये काही धुऊ नका, आणि लहान मुलांनी कासवाला हात लावला की लगेच साबणानं हात धुवायला लावा.

तळाशी बारीक खडे असतील तर काढून टाका. घाण त्यांच्याखाली साचते आणि कासव ते गिळतं, आमच्या कासवाच्या एक्स-रेमध्ये सात खडे मोजलेत.

*

धागा मीच काढला होता. टेप घेऊन टँक मोजला, वरपर्यंत भरला तरी 110 लिटर होतोय, आणि फिल्टर माशांचा, तोही 100 लिटरचा. खडे आज सकाळी काढले, खाली बोटभर काळा गाळ होता, वास तिथूनच येत होता. स्पंज धुतलेला नाही. मोठा टँक येईल तेव्हा हाच जुना फिल्टर नव्याच्या जोडीला महिनाभर चालवला तर बॅक्टेरिया त्यात जातील ना? कुणी केलंय का असं?