मदत हवी आहे: सॅमसंग गॅलॅक्सी ए१५ की रेडमी नोट १३?

आईसाठी फोन घ्यायचा आहे. दोन्हींची ४जी आवृत्तीच बघतोय. ५जी नको, गेमिंग अजिबात नाही. व्हिडिओ कॉल, व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि बँकेचं ॲप, एवढाच वापर. फोन निदान चार वर्षं टिकायला हवा. दोन्ही जवळपास एकाच किमतीत मिळतायत.

कागदावरची तुलना करून झाली. दोन्हींत ५००० एमएएच बॅटरी, फुल एचडी प्लस ॲमोलेड स्क्रीन, हेडफोनचं भोकही आहे. रेडमीत १२० हर्ट्झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते तो आकडा), ३३ वॅट चार्जिंग, १०८ मेगापिक्सेल कॅमेरा. सॅमसंगमध्ये ९० हर्ट्झ आणि २५ वॅट, पण अँड्रॉइडच्या पुढच्या चार आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट. बँकेचं ॲप असल्यामुळे मला हेच जास्त मोलाचं वाटतं. मेगापिक्सेलच्या आकड्यावर मी जात नाही.

दुकानात दोन्ही हाताळले, पण पाच मिनिटांत काय कळणार? आईचा आत्ताचा फोन घेतला तेव्हा झकास चालायचा. आता कॉल आला की हिरवं बटण दिसेपर्यंत रिंग संपते, बिचारी नुसती स्क्रीनवर बोट फिरवत राहते. स्टोरेज अर्धं रिकामं केलं, रीसेटही मारून पाहिला, फरक शून्य. म्हणून यावेळी ६ जीबी रॅमच्या खाली जायचं नाही.

ज्यांनी यांपैकी एखादा वर्षभर तरी वापरलाय, त्यांनीच कृपया सांगा: मोठे अपडेट आल्यावर फोन मंदावला का, आणि कॉल उचलताना अडकतो का?