मदत हवी आहे: रिमोट कंट्रोल गाडीची १७.५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) मोटर फार तापतेय

१/१० मापाची टूरिंग कार, सेन्सर्ड ब्रशलेस मोटर, टू-सेल लायपो बॅटरी. ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर) टायमिंग, म्हणजे मोटरच्या कॉइलना करंट किती अंश आधी द्यायचा ते, शून्यच ठेवायचं असा आमच्या रेसचा नियम, म्हणजे खेळायचं ते मोटरच्या मागच्या झाकणावर आणि गिअरिंगवर. फायनल ड्राइव्ह रेशो ४.०, म्हणजे चाकाच्या एका फेरीला मोटरच्या चार.

झाकणावरचं टायमिंग ४० अंशांवर असलं की सरळ पट्ट्यावर गाडी सुसाट, पण रेस संपेपर्यंत मोटर ९० डिग्रीच्या वर. ३० अंशांवर थंड राहते, पण सगळे पुढे निघून जातात. बेअरिंगना तेल दिलं, गिअर मेश (दातांची पकड) सैल केला, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पंखा आणून लावला. मुंबईच्या दुपारी तो गरम वाराच फेकतो म्हणा! नवी मोटर सध्या नको.

तर टायमिंग ३० ठेवून पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) एक-दोन दातांनी मोठा करू, की ४० ठेवून लहान?