इथेनॉलवर गाडी पळेल हो, ॲव्हरेजचं काय?

घाटवेडा (सातारा)

टर्बोकराडकरांची परवाची पोस्ट वाचून दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही. ज्यांची वाचायची राहिली त्यांच्यासाठी: त्यांचा भाचा अमेरिकेत आयोवाला असतो. त्याच्याकडे पाच लिटर व्ही-८ची फोर्ड एफ-१५० आहे, ती तो ई८५ वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल, बाकी पेट्रोल) पळवतो, गाडीचा दम वाढला आणि 'खर्च निम्म्यावर आला'. तेव्हा सातारा-सांगलीत जिथं बघावं तिथं डिस्टिलरीची चिमणी असताना आपणही आपल्या दोन लिटर टर्बो पेट्रोल गाड्या ट्यून करून इथेनॉलवर घ्याव्यात, साखर कारखान्यात ते साठ रुपये लिटरनं मिळतं. खाली 'एक नंबर दादा'चा पाऊस.

दमाबद्दल माझं भांडण नाही. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याची ताकद, १०८ च्या घरात; पंपावरच्या ई२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ९५. शिवाय वाफ होताना ते भरपूर उष्णता ओढून घेतं, आत जाणारी हवा गार होते, इंजिन नॉक मारत नाही, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोकत नाही. मग ट्यूनर बूस्ट (टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवतो, ठिणगीचं टायमिंग पुढं घेतो आणि यवतेश्वरच्या चढाला गाडी ऐकत नाही. अमेरिकेतली पोरं ई८५ च्या मागं असतात ती यासाठी.

पण ॲव्हरेज? लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. जे इंधनात नाहीच ते लॅपटॉप जोडून कुठला ट्यूनर काढून देणार? कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात थोडं भरून निघतं, थोडंच. अमेरिकन सरकारच सांगतं की फ्लेक्स-फ्युएल गाड्या (पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हीवर चालणाऱ्या) ई८५ वर गॅलनमागं १५ ते २७ टक्के कमी पळतात. भाच्याच्या गाडीचं ॲव्हरेज वाढलेलं नाही. तो मक्याच्या राज्यात राहतो, तिथं ई८५ स्वस्त आहे, बस.

आणि ते साठ रुपये. बी-हेवी मळीच्या (थोडी साखर शिल्लक ठेवलेली मळी) इथेनॉलला लिटरला ६०.७३, थेट उसाच्या रसाच्याला ६५.६१. हे तेल कंपन्यांनी डिस्टिलरीला द्यायचे दर. तुम्ही कॅन घेऊन गेटवर गेलात तर वॉचमन आधी हसेल, मग उत्पादन शुल्कवाल्यांना फोन लावेल.

टर्बोकराडकर (कराड)

साहेब, पोस्ट वाचली म्हणता, पण चष्मा लावून वाचली का? मी 'ॲव्हरेज वाढतं' असं कुठंही लिहिलेलं नाही. 'खर्च' लिहिलंय. किलोमीटरला पडतात किती, हा प्रश्न आहे.

ब्राझीलमध्ये २००३ पासून फ्लेक्स गाड्या आहेत. तिथला टॅक्सीवाला पंपावर उभ्या उभ्या हिशेब करतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. तो काय खुळा? आपल्याकडं पेट्रोल शंभराच्या वर, इथेनॉल साठ-पासष्ट. करा भागाकार. गेटवर मिळत नाही म्हणता, तर मार्च २०२४ ला इंडियन ऑइलनं १८३ पंपांवर 'इथेनॉल १००' आणलंच की, त्यात महाराष्ट्र पण आहे. दुसऱ्याचं काही चांगलं दिसलं की खोट काढायची, आपल्या जिल्ह्याची खोडच ही.

पाना_स्क्रू (मिरज)

दोघांनाही. गॅरेज माझं आहे, हात माझे काळे होतात, म्हणून बोलतो.

पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ ला १, इथेनॉलला ९ ला १. तेवढ्याच हवेला इंजेक्टरनं जवळजवळ दीडपट इंधन सोडायचं. कंपनीच्या इंजेक्टर-पंपाला ते पेलत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ओढून ओढून भरपाई करतो आणि शेवटी हात वर करतो. पिवळा दिवा लागतो, स्कॅनरवर पी ०१७१, मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. टर्बो गाडी बूस्टमध्ये पातळ चालली की पिस्टन गेला समजायचा.

विट्याचा एक पोरगा टो करून गाडी घेऊन आला होता. कुठल्याशा ट्यूनरनं रिमॅप मारलेला (ईसीयूची सेटिंग बदललेली), इंजेक्टर जुनेच. आणि टाकीत कुठून तरी आणलेलं स्पिरिट, पेट्रोलमध्ये मिसळलेलं. टाकी उतरवून बाटलीत काढलं तर ताक निवळावं तसे दोन थर. खालच्या थरात पाणी आणि स्पिरिट, पंप नेमका तेच ओढत होता. पंपाच्या जाळीला तपकिरी चिकटा, ओ-रिंग फुगून खोबणीच्या बाहेर आलेली, नखानं दाबली तर तुकडाच पडला. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल निर्जल लागतं, ९९.५ टक्क्यांच्या वर. ब्राझीलचं पाणीवालं चालतं कारण तिथल्या गाड्या जन्मापासून तशा. तरी जुन्या गाड्यांना थंडीत स्टार्ट घ्यायला पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असायची. महाबळेश्वरला डिसेंबरात सकाळी सहाला सेल मारून बघा म्हणजे कळेल का ते.

आणि घाटवेडा, तुमचा पण हिशेब अर्धा आहे. तुम्ही तुलना निखळ पेट्रोलशी करताय. ते पंपावर आहे कुठं? आज सगळे ई२० भरतात, त्यात आधीच सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ई२० वरून ई८५ वर गेलं तर घट चोवीस टक्क्यांच्या आसपास. बारा देणारी गाडी नऊ देईल.

डिझेलशिवाय_नाही (पलूस)

माझी व्ही-क्रॉस पिकअप डिझेल आहे. चालेल का थोडं थोडं मिसळून?

पाना_स्क्रू (मिरज)

भावा, नको. डिझेल इंजिन दाबानं पेटतं, इथेनॉल दाबानं पेटायला तयार नसतं. २०१४ ला नागपुरात स्कॅनियाची इथेनॉलवरची बस आणली होती, तिचं इंजिन २८ ला १ कॉम्प्रेशनचं, वर इंधनात पेटायला मदत करणारं रसायन. तुझ्यात दोन्ही नाही.

आडसाली (वाळवा)

टर्बो घाला खड्ड्यात. साठ-पासष्ट रुपये, साठ-पासष्ट रुपये चाललंय मघापासून. त्यातले ऊसवाल्याला किती, हे एकानं तरी विचारलं का?

२०२२-२३ ला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३०५० होती, २०२४-२५ ला ३४००. रसाच्या इथेनॉलचा दर तेव्हाही ६५.६१ आणि आताही ६५.६१. कारखानदार म्हणतो परवडत नाही, आणि ते बोट दाखवून आमचा ऊसबिलाचा हप्ता लांबवतो. कायद्यात चौदा दिवसांत पैसे द्या लिहिलंय, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लिहिलंय. व्याज कुणी बघितलंय का डोळ्यानं? साखर धंद्यावर केंद्रानं नेमलेल्या रंगराजन समितीनं साखर, बगॅस (चोथा), मळी, प्रेसमड (गाळ) यांच्या उत्पन्नातले ७० टक्के ऊसवाल्याला द्यायला सांगितले. मळी धरली. मळीचं पुढं इथेनॉल होतं ते नाही धरलं. म्हणजे मळी आमची आणि इथेनॉल त्यांचं. डिसेंबर २०२३ ला केंद्रानं रसाच्या इथेनॉलवर अचानक बंदी घातली, नंतर इथेनॉलला किती साखर वळवायची याची मर्यादा घालून ढिली केली. त्या हंगामाला आमच्या कारखान्यानं 'आता इथेनॉल नाही, थोडं थांबा' सांगितलं. थांबलो. पोरीच्या कॉलेजची फी सोसायटीतून कर्ज काढून भरली. तुम्ही बूस्ट वाढवा.

माणदेशी (दहिवडी)

आडसाली अण्णा, रडा तुम्ही, पण पाण्याचं पण सांगा की. नीती आयोगाच्या कागदातच आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे साधारण २८६० लिटर पाणी. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या लागतात आणि इथं टर्बो गाडीच्या पिकअपसाठी पाणी जाळायची चर्चा चाललीय. उरमोडी धरणाच्या पाण्यासाठी आमच्या दोन पिढ्या मोर्च्यात म्हाताऱ्या झाल्या.

आडसाली (वाळवा)

मोर्चे आम्ही पण काढलेत. मळीसाठी कुणी ऊस लावत नाही, ऊस साखरेसाठी लागतो, मळी त्यातनं निघते. ते २८६० लिटर निम्मे तुमच्या चहातल्या साखरेच्या नावावर टाका. आणि पाणी आलं की माणमध्ये पहिला काय लावतात ते पण सांगा. ज्वारी का?

माणदेशी (दहिवडी)

ऊसच लावतात. कारण दुसऱ्या कशाला खरेदीची हमी हाय का? डाळिंबाला हाय? कांद्याला हाय? तुम्ही पन्नास वर्षं नदीकाठाला पाटानं मोकाट पाणी सोडलं, जमिनी खारपड करून घेतल्या आणि आता आम्ही चार गुंठे लावला तर ज्वारी विचारता?

आडसाली (वाळवा)

खारपडीवर बोलू नका, त्यात आमचं दोन एकर गेलंय. त्याला मीठ लावायला ही जागा नाही.

अंडेवाला (तासगाव)

ऊस-ऊस काय करताय दोघं. २०२४-२५ ला इथेनॉलचा मोठा वाटा धान्याचा होता, उसाचा नाही, आणि त्यात मका पुढं. मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ दर दिला, उसाच्या रसापेक्षा जास्त. मका डिस्टिलरीकडं वळला तशी खाद्याची गोणी महागली, अंड्याचा भाव तिथंच. माझं एक शेड बंद पडलं. कुणाची टर्बो, कुणाचं बिल, कोंबडीला कोण विचारतो.

घाटवेडा (सातारा)

मंडळी, धागा गाडीच्या इंधनखर्चाचा होता. ऊस दरावर वेगळा काढा की राव.

वाईची_स्कूटर (वाई)

वेगळा कशाला? तुमच्या दोघांच्या भांडणात मुद्दा राहून गेला तो मी सांगते. तुम्ही हौसेनं ई८५ घालायचं की नाही यावर वाद घालताय. माझी स्कूटर २०१४ची. तिला ई२० घालायचं की नाही, हे मला कुणी विचारलं? पंपावर दुसरं काही मिळतच नाही. २०२१ च्या सरकारी आराखड्यातच लिहिलंय की जुन्या दुचाकीचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के, चारचाकीचं ६ ते ७ टक्के घटेल. आणि त्याच आराखड्यात असंही म्हटलंय की ऊर्जा कमी म्हणून अशा इंधनाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावी. पहिलं झालं, दुसरं कुठं गेलं? मी रोज पाचगणीला शाळेत जाते, पसरणी घाट चढून. माझ्यासाठी हा हौसेचा विषय नाही.

टर्बोकराडकर (कराड)

मॅडम, हेच मी म्हणतोय! भाव कमी करा, सगळे आपसूक वळतील.

वाईची_स्कूटर (वाई)

तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही रिमॅप करा म्हणत होता. माझ्या स्कूटरला कसला रिमॅप करणार?

घाटवेडा (सातारा)

ताईंचा मुद्दा बिनतोड. आता पाना_स्क्रू यांचा चोवीस टक्के घेऊन शेवटचा हिशेब मांडतो. पेट्रोल १०४ धरलं तर ई८५ पंपावर ७९ च्या आत मिळालं तरच किलोमीटरला बरोबरी. त्याच्या खाली जेवढं जाईल तेवढी कमाई, आणि त्यातून आधी इंजेक्टर, पंप, रबरी पाइप, ट्यूनिंग यांचा खर्च फिटायचा. पासष्टच्या खरेदीवर वाहतूक, कर, पंपाचं कमिशन चढून ते ७९ च्या किती खाली उरेल, ज्यानं त्यानं बघावं. वर वॉरंटी जाते ती वेगळीच.

टर्बोकराडकर (कराड)

म्हणजे ७९ च्या खाली मिळालं तर मी बरोबर. एवढं कबूल करायला साहेबांना महाभारत लिहावं लागलं, धन्यवाद.

आणि हो, भाच्याला रात्री फोन लावला. तो म्हणतो, पेट्रोलवर गॅलनला १९ मैल मिळायचे, ई८५ वर १४. भावातल्या फरकामुळं थोडे वाचतात, आणि 'निम्मा' तो बोलण्याच्या भरात म्हणाला होता. झालं समाधान? पण गाडी उडते, ते त्यानं तीनदा सांगितलं.

पाना_स्क्रू (मिरज)

उडू दे की. ज्याला दमासाठीच करायचंय त्यानं आधी टाकीत इथेनॉल किती टक्के आहे ते ईसीयूला सांगणारा सेन्सर बसवावा, मोठे इंजेक्टर घालावेत, मग लॅपटॉप उघडावा. उलट क्रमानं करणाऱ्यांची एक गाडी आजही माझ्या शेडमध्ये स्टँडवर आहे. मालक फोन उचलत नाही.

आडसाली (वाळवा)

दहिवडीकर, तुमच्याकडं ठिबकला अनुदान मिळालं का कुणाला? आमची फाइल दोन हंगाम पडून आहे. बाकी भांडण नंतर.

माणदेशी (दहिवडी)

मला मिळालं, पण वर्ष गेलं. कुठली कागदं अडली ते सांगा.