शब्दचर्चा : हेझलनट आणि त्याचा चॉकलेटी स्प्रेड, मराठीत काय लिहावं?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)
आमच्या महिला मंडळासाठी मुलांच्या डब्याविषयी एक छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. दोन शब्दांपाशी अडले. 'हेझलनट'ला हिंदीत 'पहाडी बादाम' म्हटलेलं वाचलं. मराठीत 'डोंगरी बदाम' करू का? शिवाय पोळीला लावतात त्या चॉकलेट हेझलनट स्प्रेडला कच्च्या मजकुरात 'हेझलनटचं लोणी' म्हटलंय. 'हेझलदाणा' हाही शब्द एकीने सुचवला. जाणकारांनी मत द्यावं.

उत्तर (मेन रोड, सुक्या मेव्याचं दुकान)
ताई, बदाम नको. दुकानात कुणी 'डोंगरी बदाम' मागितला तर आमचा माणूस मामरा नाहीतर गुरबंदी जातीचा बदाम काढून देईल. घाऊक बाजारात, पावतीवर, गिऱ्हाइकाच्या तोंडी, सगळीकडे हेझलनटच चालतं. आमच्याकडे कवच फोडलेला गर येतो. त्यावरची तपकिरी साल किंचित तुरट लागते. मंद आचेवर भाजून जाड फडक्यात चोळलं की निघते. पुस्तिकेत हे जरूर लिहा, नाहीतर लोक तशीच भरड करतात आणि चव बिघडली म्हणतात.

उत्तर (मालेगाव)
उर्दूत याला फुंदुक म्हणतात, फारसीत फंदुक, तुर्कीत फंदक, अरबीत बुंदुक. मूळ ग्रीक, 'पोंटसचं कवचफळ' अशा अर्थाचं. पोंटस म्हणजे काळ्या समुद्राचा दक्षिण किनारा. आजही जगातलं निम्म्याहून जास्त पीक तुर्कस्तान काढतो, आणि ओर्दू, गिरेसुन हे त्यातले नावाजलेले जिल्हे त्याच किनाऱ्यावर आहेत. म्हणजे फळानं आपलं गाव अजून सोडलेलं नाही. अरबीत बुंदुक हा शब्द पुढे त्या आकाराच्या गोळीला लागला आणि गोळीवरून हत्याराला. आपली 'बंदूक' त्याच वाटेनं आली. म्हणून मराठीला हे नाव अगदीच परकं नाही. तरी पुस्तिकेत फुंदुक लिहा असं मी म्हणणार नाही. नाशिकला ते कुणाला कळणार?

उत्तर (पंचवटी, निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक)
बदाम हे गुलाबाच्या कुळातलं झाड. हेझलनट, म्हणजे कोरिलस अव्हेलाना, भूर्जाच्या कुळातलं. ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या त्या भूर्जाचं हे भावकीतलं. हिमालयात याचीच जवळची जात रानात वाढते. हिमाचलमधल्या पांगी खोऱ्यात तिच्या फळाला ठांगी म्हणतात. भारतीय नाव हवंच असेल तर हे अस्सल आहे, पण जात वेगळी आहे एवढं लक्षात असू द्या.

उत्तर (कॉलेज रोड, आहारतज्ज्ञ)
मला 'हेझलदाणा' आणि 'लोणी' या दोन्ही शब्दांची काळजी वाटते.

आपल्याकडे नुसतं 'दाणे' म्हटलं की शेंगदाणे. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला, हेझलनट झाडावरचं कवचफळ. एखाद्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते, एखाद्याला हेझलनटची, काहींना दोन्हींची. हेझलनटची ॲलर्जी गंभीरही असू शकते. अशा घरात आई बरणीवरचा शब्द आणि पुस्तिकेतला शब्द जुळवून पाहणार. तिथे आपण हौसेनं घडवलेला शब्द गोंधळ करेल. म्हणून 'हेझलनट'च ठेवा.

'लोणी' तर अजिबात नको. त्या शब्दानं गराचे सगळे गुण बरणीला चिकटतात. शंभर ग्रॅम गरात साधारण ६१ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातला बहुतेक ऑलिव्ह तेलात असतो त्या ओलेइक आम्लाचा. प्रथिनं १५ ग्रॅम, तंतू जवळजवळ १० ग्रॅम, ई जीवनसत्त्व १५ मिलिग्रॅमच्या आसपास, शिवाय मॅग्नेशियम, मँगनीज, तांबं, फोलेट. तूप-वनस्पतीतल्या संपृक्त चरबीऐवजी असा मेवा खाल्ला तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. उष्मांक मात्र सव्वासहाशेच्या घरात, म्हणून छोटी मूठ पुरे. लहानग्यांना अख्खे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

आता बरणी. १९६४ साली इटलीतल्या आल्बा गावी फेरेरो कंपनीनं नुटेला नावाचा असा स्प्रेड आणला, तेव्हापासून हा पदार्थ जगभर पोचला. त्याआधीपासून त्या पिएमोंत प्रांतात कोको महाग म्हणून त्यात हेझलनट वाटून घालायची रीत होतीच. युरोपातल्या नुटेलाच्या बरणीवर हेझलनट १३ टक्के लिहिलेलं असतं. साखर शंभर ग्रॅममागे ५६ ग्रॅम. घटकांच्या यादीत जे वजनानं जास्त ते आधी लिहायचं असा आपल्याकडेही नियम आहे. त्या यादीत साखर पहिली, पाम तेल दुसरं, हेझलनट त्यानंतर. पंधरा ग्रॅमच्या एका चमच्यात दोन छोटे चमचे साखर जाते. हा गोड पदार्थ आहे, गोड म्हणूनच त्याला डब्यात जागा द्या. पेढा आपण रोज पौष्टिक म्हणून देत नाही.

उत्तर (निफाड)
'स्प्रेड'साठी 'लावण' कुणी सुचवू नका. आमच्याकडे लावण म्हटलं की कांद्याची रोपं.

उत्तर (पंचवटी)
'लेप'ही नको, तो सुंठीचा किंवा चंदनाचा, कपाळाला. क्रियापद मराठीत सरळ आहे : पोळीला चोपडणं. नाम 'स्प्रेड' ठेवून क्रियापद आपलं वापरा, वाक्य आपोआप मराठी होतं.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. मजकूर असा केलाय :

'हेझलनट : झाडावर येणारं, कठीण कवचाचं फळ. याचा गर सुक्या मेव्यासारखा खातात. चॉकलेट हेझलनट स्प्रेड : साखर, तेल, कोको आणि थोडं हेझलनट यांचा गोड पदार्थ. पोळीला पातळ चोपडावा, तोही कधीतरी. घरी करायचा तर भाजलेले, साल काढलेले हेझलनट तेल सुटेपर्यंत मिक्सरमधून काढून त्यात कोको आणि बेतानं पिठीसाखर घालावी.'

ॲलर्जीची सूचना चौकटीत, ठळक अक्षरात घेते.

उत्तर (मेन रोड)
छान झालंय, ताई. एक भर घाला : गरात तेल भरपूर, त्यामुळे उन्हाळ्यात पुडी उघडी राहिली की खवट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. घरी केलेला स्प्रेडही तसाच, आणि थोडाथोडाच करावा.