जुना मोनोब्लॉक ॲम्प विकायचाय, पण गाडीच नाही तर वाजवून कसा दाखवू?

कराडचा_गण्या
मंडळी एक मोनोब्लॉक ॲम्प (गाडीतल्या बेसचा, एकाच चॅनलचा ॲम्प्लिफायर) विकायचाय. क्लास डी (कमी तापणारा प्रकार), कंपनी म्हणते 1 ओमला (ओम म्हणजे स्पीकरचा रोध, जितका कमी तितका ॲम्पवर ताण जास्त) 1500 वॅट आरएमएस (सतत मिळणारी पॉवर), वरच्या पत्र्यावर मात्र 3000 छापलंय. 2021 ला 26 हजाराला घेतला, बिल आहे, खोका आईने रद्दीत घातला. जुन्या स्कॉर्पिओत दोन 12 इंची वूफरवर (बेसचे स्पीकर) चालवला, ती गाडी गणपतीच्या आधी गेली आणि नवीन घेतली ती सीएनजी, डिकीत टाकी, आता वूफरचा बॉक्स काय डोक्यावर घेऊन फिरू? सगळं सामान माळ्यावर पडलंय. जाहिरात टाकली तर दिवसभर नुसतं "लास्ट किती", एक जण म्हणतो मिक्सरच्या बदल्यात देतो का. एक जण खरंच आला, तर म्हणे चालू करून दाखवा. कशावर दाखवू? 16 हजार सांगितलेत, जास्त होतात का? आणि वूफरसकट देऊ का सुटं सुटं?

बेस_पुणेकर
गाडी कशाला लागते, बॅटरी लागते. कुणाच्या तरी गाडीची फुल चार्ज बॅटरी आण. घरातला 12 व्होल्टचा ॲडॉप्टर लावू नको, बेस आला की तो मान टाकतो. आधी ग्राउंड जोड, मग पॉझिटिव्हच्या वायरीत 30 अँपिअरचा फ्यूज टाक आणि थेट टेकवायच्या आधी मधे इंडिकेटरचा बल्ब धर, बल्ब लागून मंद होत गेला की आतले कपॅसिटर भरले, मग बल्ब काढून थेट जोड. नाहीतर फाटकन ठिणगी उडते आणि समोरच्याला वाटतं शॉर्ट आहे, गिऱ्हाईक तिथेच गेलं. पॉझिटिव्हवरूनच एक बारीक तार रिमोटच्या टर्मिनलला द्यायची, ती नसेल तर ॲम्प चालूच होत नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय, मी समजलो ॲम्प मेला. फोनमधून आरसीएची (गाणं ॲम्पपर्यंत नेणारी) वायर, गेन (ॲम्पवरचं सिग्नल वाढवायचं बटण) खाली, एक वूफर पुरे. घर हलवायचं नाहीये, प्रोटेक्टची (बिघाड असला की लागणारी) लाल लाइट न लागता दहा मिनिटं वाजला एवढं दिसलं की झालं.

निवांत_नाना
दुकानात बसतो म्हणून सांगतो. 3000 वगैरे जाहिरातीत लिहू नका राव, जाणकार माणूस तो आकडा बघून पुढे जातो. आम्ही आधी फ्यूज बघतो. तुमच्या ॲम्पला कडेला 40 चे तीन असतील तर 120 अँपिअर, गुणिले 13.8 व्होल्ट म्हणजे साधारण साडेसोळाशे वॅट आत जाणार, त्यातले वीस टक्के उष्णतेत गेले की हातात तेराशेच्या आसपास. ढोबळ हिशोब आहे, पण 3000 कुठून आणणार? रॉकफोर्डसारख्या कंपन्या त्या त्या पीसची मोजलेली वॅट कागदावर लिहून देतात, तसा कागद असेल तर फोटो टाका, लोक त्याला मान देतात.
दुसरं, खालचं झाकण उघडून बोर्डाचे फोटो काढा. फुगलेले कपॅसिटर, नव्याने लावलेले मॉसफेट (पॉवर सांभाळणारे ट्रान्झिस्टर), करपलेला वास, आम्ही हेच शोधतो. रिपेअर झाला असेल तर आधीच सांगा, लपवलं आणि नंतर स्क्रूवर ओरखडे दिसले की माणूस निम्म्यावर येतो. दुकानात विकलात तर दहाच्या वर कोणी देणार नाही, आम्हालाही वर काहीतरी ठेवायचं असतं. थेट गिऱ्हाइकाला 14 ठीक.

कराडचा_गण्या
नाना फ्यूज 40 चे तीनच आहेत 😅 कधी बघितलंच नव्हतं. रिपेअर नाही, पण पॉवरच्या टर्मिनलचं प्लास्टिक थोडं पिवळं झालंय.

निवांत_नाना
मग स्क्रू ढिला राहिला असणार, तिथे तापलं. टर्मिनलचा धातू सँडपेपरने घासून घ्या, पण पिवळं झालेलं फोटोत दाखवा.

तांब्याची_तार
वायरिंग फुकटात देऊ नकोस भावा. झिरो गेजची (जाड) वायर ब्लेडने खरवडून बघ, आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ती दे सोडून. लाल निघाली तर वेगळे पैसे लाव, अस्सल तांब्याला भंगारवालापण हसत घेतो.
आणि वूफर कोणते, ड्युअल कॉइल (एका वूफरला दोन कॉइल) 4 ओमचे दोन ना? चारही कॉइल पॅरलल केल्या की 1 ओम. म्हणजे जोडी जमलेली आहे, एकत्र गेलं तर बरं. सुटा दिलास आणि घेणाऱ्याने 2 ओमचे ड्युअलवाले दोन पॅरलल लावले तर अर्धा ओम होतो, ॲम्प धूर काढतो आणि तो माणूस तुझ्या दारात. "1 ओमच्या खाली लावू नये" हे मोठ्या अक्षरात लिही.

बेस_पुणेकर
+1. आणि पैसे रोख किंवा समोर उभं राहून. मला एकाने "मी आर्मीत आहे, न बघताच घेतो" म्हणून क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणे पैसे येतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे त्या क्षणी आठवलं म्हणून वाचलो.

कराडचा_गण्या
अपडेट. गेला! शेजारच्या गावातला ट्रॅक्टरवाला आला, गळीत हंगाम तोंडावर आलाय ना, उसाच्या गाडीवर लावणार म्हणे. बल्बची आयडिया केली, बल्ब मंद होत गेला तर तो म्हणाला ही काय जादू. आरएमएस, ओम काही विचारलं नाही, फक्त "पत्रा हालतोय का". अंगणात वाजवला तर वरच्या काकूंची ताटं वाजायला लागली, त्या गॅलरीत आल्या, तेवढ्यात सौदा झाला. 13,500 आणि वायर (आतून पांढरीच निघाली, आपल्याला लाल सांगून विकली होती). पिवळं टर्मिनल दाखवलं तर पाचशे कमी केले. वूफर नको म्हणाला, त्याच्याकडे आहेत.

निवांत_नाना
त्याचे वूफर किती ओमचे ते विचारलंत का?

कराडचा_गण्या
...फोन करतो.

कोल्हापुरी_ठेका
वूफर शिल्लक हायत का? बॉक्ससकट किती? आज सांजच्याला येतो.